तिसरी मूठ

चंचल हे नाव ज्याने कोणी ठेवलं, त्याने तिला काम करताना पाहिलेलं नव्हतं एवढं नक्की. सुरतेच्या बमरोली भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात ती ताके तपासायची. ताका म्हणजे मागावरून उतरलेलं शंभर-सव्वाशे मीटरचं कोरं कापड. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल असतं. त्याच्यावरून कापड हळूहळू ओढायचं आणि कुठे तार तुटलीय, कुठे गाठ आलीय, कुठे तेलाचा डाग पडलाय ते बघून खडूने खूण करायची. बाकीच्या बाया हे काम गप्पा मारत, घरच्या कागाळ्या सांगत करत. चंचल मात्र अशी रोखून बघायची की कापडालाच अवघडल्यासारखं व्हावं. कारागीर तिच्या नावाने खडे फोडत आणि मालक दिवाळीला तिला एक साडी जास्तीची देत असे. पहिल्याच वर्षी तर तिने त्या साडीतच दोन दोष काढून दाखवले होते.

एका ताक्यात चार-पाच बारीकसारीक दोष चालतात, तेवढ्याने माल सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या प्रतीत, जात नाही. हा नियम होता, आणि नियम म्हटला की चंचल पाळायचीच. पण घरच्या ताटाला असा चार-पाच दोषांचा नियम कोणी घालून दिलेला नव्हता. सगळा घोळ झाला तो तिथेच.

सहावा महिना लागला तेव्हा चंचलच्या ताटात काय उरलं होतं, ते सांगायला दोन बोटं पुरली असती. शेजारच्या टेबलावरची छाया बुलढाण्याकडची. तिने वांगं आणि तीळ बंद करायला लावले. खालच्या मजल्यावरच्या जशुबेनने दही बंद केलं, कारण पावसाळ्यात दही बाधतं. शिरपूरहून आईचा फोन यायचा, ती गूळ गरम पडतो म्हणायची. मोबाइलमध्ये एक पांढरा कोट घातलेली बाई होती, ती तर रोज सकाळी नवा पदार्थ काढून घ्यायची. बटाट्याला कोंब, पालकात रेती, दुधात भेसळ, माशात पारा. पारा म्हणजे तापमापीतला, हे कळल्यावर चंचलने दोन दिवस मासळीबाजाराच्या रस्त्याने जाणंही टाळलं.

केळ्याचं तर खटलंच झालं. छाया म्हणे, केळ्याने बाळाला कफ होतो. जशुबेन म्हणे, केळ्यासारखं दुसरं फळ नाही. मोबाइलवाली म्हणे, केळं खा पण दुधाबरोबर नको. मग चंचल केळं हातात घ्यायची, ते गोल फिरवून चारी बाजूंनी बघायची, देठाशी वास घ्यायची आणि शेवटी नवऱ्याला द्यायची. तसंच भिजवलेल्या बदामांचं, तसंच डाळिंबाचं. अंगणवाडीतून मिळालेल्या पिठाचं पाकीट एका कोपऱ्यात चेपलेलं होतं, म्हणून त्याचे लाडू करून तेही तिने नवऱ्यालाच घातले. नवरा गजेंद्र टेम्पो चालवायचा, गोडादऱ्यातल्या घरून बमरोली, बमरोलीहून बाजार, दिवसभर ताक्यांची ने-आण. बिचारा बायकोचं मन मोडायचं नाही म्हणून समोर येईल ते खायचा. श्रावण लागेपर्यंत त्याच्या पँटची दोन बटणं पुढे सरकवावी लागली. म्हणजे घरात वजन वाढत होतं, फक्त चुकीच्या माणसाचं.

ही गोष्ट आरोग्य केंद्रातल्या उज्ज्वला सिस्टरच्याही ध्यानात आली होती. दर महिन्याला चंचल वजनकाट्यावर उभी राहायची आणि काटा चव्वेचाळीसच्या आसपास जाऊन थांबायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा सिस्टरने कार्ड मिटलं आणि तिला समोर बसवलं. बाळ वयाच्या मानाने बारीक आहे, म्हणाल्या. अंगात रक्तही कमी आहे. पुढच्या महिन्यात काटा हलला नाही तर मोठ्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल, आणि बाळ कमी दिवसाचं, कमी वजनाचं झालं तर मग कोणाच्याच हातात फार काही राहत नाही. खात का नाही, असं त्यांनी दोनदा विचारलं. चंचलने दोन्ही वेळा खाली बघून, खाते की, असं सांगितलं.

खात का नाही, याचं खरं उत्तर छायाजवळ नव्हतं की मोबाइलमध्ये नव्हतं. ते चंचलजवळ होतं आणि ती ते वर्षभर कोणाला सांगत नव्हती.

गेल्या वर्षी आषाढात तिला तिसरा महिना होता. रविवार होता. गजेंद्रने कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम फाफडा आणला, आणि पुड्यात फाफड्यासोबत कढी, तळलेल्या मिरच्या आणि संभारो. पिवळसर, तेलात नुसता परतलेला, मोहरी घातलेला किस. चंचलला तो फार आवडला. लग्न होऊन सुरतेत आल्याला तिला वर्षही झालेलं नव्हतं. शिरपूरकडच्या माणसाला तो किस बघून कोबी वाटतो, फार तर दुधी वाटतो. तिने फाफडा बाजूला ठेवून संभारोच खाल्ला. चौथ्या दिवशी पोटात दुखू लागलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती त्याच दुकानाशी उभी होती. दुकानातला माणूस एक हिरवीगार पपई सोलून किसणीवर किसत होता. शेजारच्या परातीत तोच पिवळसर किस पडत होता. चंचलने काही विकत घेतलं नाही. ती घरी आली, पाणी प्यायली आणि भांडी घासायला बसली. गर्भारणीने पपई खाऊ नये हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्यासाठी कोणा मोबाइलची गरज नव्हती. आपल्याच हाताने, आवडीने, बोटं चाटून आपण पोटातलं पोर मारलं, असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं. तेव्हापासून तिला तोंडापर्यंत जाणाऱ्या आपल्या हाताचीच भीती वाटत होती.

घरात हे कोणाला माहीत नव्हतं. सासूबाई मालतीबाईंना वाटायचं, सूनबाईचे नखरे आहेत. मालतीबाई बुटक्या, ठणठणीत आणि भाकरीवर अपार श्रद्धा असलेल्या. ताप असो, खोकला असो, उसनं मागायला आलेला पाहुणा असो, सगळ्यावर त्यांच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा हाच उपाय होता. सुनेला खायला लावायचे त्यांनी सगळे प्रयोग केले. वांगी भाजून भरीत केलं, मुद्दाम दार उघडं ठेवून फोडणी घातली. वासाने तिसऱ्या मजल्यावरची पोरं जमा झाली, चंचल जागची हलली नाही. रागावून पाहिलं. लाडाने पाहिलं. एकदा तर मालतीबाईंनी स्वतःच उपास धरला, तू खाल्लं तरच मी खाईन म्हणून. तो दुपारी दोन वाजेपर्यंत टिकला. मग त्यांनी स्वयंपाकघरात पाठमोरं बसून भाकरी खाल्ली आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

सासरे निंबाआप्पा या भानगडीत पडत नसत. तीस वर्षं माग चालवून त्यांचे कान गेले होते आणि ऐकू न येण्याचे फायदे त्यांना चांगले कळले होते.

अशात कानबाई आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी माणूस जिथे असेल तिथे कानबाई देवी बसवतो, आणि गोडादऱ्यात तर गल्लीगल्लीत खानदेशी माणूस. त्या वेळी घरोघर रोट होतात. रोट म्हणजे नुसती पुरणपोळी नव्हे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ काढायची, ते ज्याचं त्याचं वेगळं दळायचं, त्याचाच कानबाईचा स्वयंपाक करायचा आणि ज्याच्या नावाची मूठ त्याच्या तोंडात तो आधी घालायचा. तो घरच्यांनीच खायचा, बाहेरच्या माणसाला त्यातला घास द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. मुठी पुरुषांच्याच. बायकांची का नाही, असं विचारायला कोणी गेलंच तर तिला पुरण वाटायला बसवतात.

शनिवारी सकाळी मालतीबाई अंघोळ करून सूप घेऊन बसल्या. गिरणीवाल्याने त्या दिवशी गिरणी धुऊन फक्त रोटांचं दळण ठेवलं होतं आणि नंबर लावायचा होता, म्हणून घाई होती. चंचल डाळ निवडत बाजूला बसली होती. ते काम मात्र तिच्याइतकं चांगलं साऱ्या गल्लीत कोणी करत नसे.

मालतीबाईंनी पहिली सव्वा मूठ सुपात टाकली. "हाई तुना सासरानी." मग दुसरी. "हाई गजानी." दोन पुरुष, दोन मुठी, काम संपलं. चंचलने डब्याचं झाकण हातात घेतलं. पण मालतीबाईंचा हात पुन्हा डब्यात गेला, तिसरी मूठ भरून वर आला आणि सुपावर थांबला.

"आन हाई पोटमजारलानी."

दारात बसलेल्या निंबाआप्पांना नको ते नेमकं ऐकू आलं. त्यांनी हरकत घेतली. मूठ जन्मलेल्याची घेतात, म्हणाले. त्यांच्या आईने कधी अशी घेतली नव्हती, आजीनेही नव्हती. आणि मग त्यांच्या मते बिनतोड असलेला मुद्दा काढला.

"आंडेर व्हयनी ते?" म्हणजे मुलगी झाली तर?

"ते तिले तोंड नही का?" मालतीबाई म्हणाल्या आणि मूठ सुपात सोडली. वर पाव मूठ घातली. निंबाआप्पांना पुढचं ऐकू येईनासं झालं.

सहा महिने चंचलने या घरात बाळाचं नाव निघू दिलं नव्हतं. गजेंद्रने बाजारातून टोपडं आणलं ते तिने कपाटात मागे दडवून ठेवलं होतं. जे अजून आलंच नाही त्याचं ताट मांडायचं, देवीसमोर त्याला माणसांत मोजायचं, आणि मग ते आलंच नाही तर? तिच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं आणि घरभर वाजत गेलं.

"आत्याबाई, ती मूठ परत टाकी द्या."

मालतीबाईंनी का म्हणून विचारलं. तेव्हा वर्षभर कोणाला न सांगितलेलं चंचल बोलून गेली.

"मी पपई खादी व्हती, गये साल. फाफडासंगे. ती पपई शे हाई माले माहीत नही व्हतं."

एवढं बोलून ती रडू लागली. दुकानातली किसणी, पिवळा किस, चौथा दिवस, सगळं हुंदक्यांतून तुटक तुटक सांगितलं. मनात तिने हा प्रसंग शंभर वेळा रंगवलेला होता. प्रत्येक वेळी सासूबाई उठून जायच्या, किंवा नको ते बोलायच्या, किंवा कधीतरी फार दिवसांनी भांडणात काढून दाखवायच्या.

मालतीबाई उठून गेल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला सरकवलं. त्या पुड्यातलं मीही खाल्लं, गजानेही खाल्लं, असं त्या म्हणाल्या. गजाच्या वेळेला तर आपल्याला चार महिने पोट आहे हेच कळलं नव्हतं, म्हणाल्या. शेतात जे हाताला लागलं ते खाल्लं, त्यात पपई असेल नाहीतर काहीही असेल. गजाकडे बघून काही कमी पडल्यासारखं वाटतं का, असंही त्यांनी विचारलं. चंचलला रडता रडता त्या दोन बटणांची आठवण झाली आणि तिच्या नाकातून हसू आलं.

मग मालतीबाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं. सुपातले गहू त्यांनी उगाच बोटाने इकडचे तिकडे केले. बोलल्या तेव्हा त्यांचा तो ठणठणीत आवाज राहिला नव्हता.

"गये साल बी मी मूठ लिधी व्हती. त्याले जाईसन पंधरा दिन व्हयनथात ना. कोणले सांगनं नही. त्या पोरना रोट मीच खादा."

गेल्या वर्षीच्या कानबाईचं चंचलला काही आठवत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसून खूप वेळ काहीतरी खात होत्या एवढंच अंधूक आठवलं, आणि हिला आज कसं जेवण जातं, असा तेव्हा आलेला राग आठवला.

"औंदा खानारं शे घरमा," मालतीबाई म्हणाल्या. "माले परत खावाले लावू नको."

सूप उचलून त्या गिरणीवर निघून गेल्या. चंचलने तिसरी मूठ परत टाकली नाही. तशी तिची हिंमतही नव्हती.

आता चंचलपुढे पेच पडला. रोट टाकायचा नाही, बाहेरच्याला द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा, आणि ज्याच्या नावाची मूठ त्याच्या तोंडात तो गेला पाहिजे. त्याचं तोंड सध्या कोणाकडे होतं ते उघडच होतं. जन्मभर नियम पाळत आलेल्या बाईला मालतीबाईंनी बरोबर नियमातच धरलं होतं. हे त्यांनी ठरवून केलं होतं की नाही, असं गजेंद्रने नंतर विचारून पाहिलं, तर त्याला दळणाचे डबे उचलायला लावण्यात आलं.

रविवारी कानबाईची पूजा झाली आणि सगळे जेवायला बसले. मालतीबाईंनी गावाहून आणलेल्या खापरावर पोळ्या केल्या होत्या, परातीएवढ्या आणि झिरझिरीत. चंचलच्या पानात तिसऱ्या मुठीची पोळी आली. गूळ गरम, डाळ जड, तूप कोणत्या डेअरीचं कोण जाणे. छाया, जशुबेन, आई आणि पांढरा कोट घातलेली बाई अशा चौघी तिच्या डोक्यात एकदम बोलायला लागल्या. सवयीने तिने पोळी दोन्ही हातांवर घेतली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. एका कडेला पुरण पुढे आलं होतं. मध्ये एक करपलेला ठिपका होता, खाली दुसरा, आणि कडा एका जागी फाटली होती. तिने मोजले. चार दोष निघाले.

चार चालतात, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि पहिला घास मोडला.

घास गोड होता. सहा महिन्यांत चव अशी तिला लागलीच नव्हती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. म्हणजे सगळे तिच्याकडे न बघण्याची इतकी पराकाष्ठा करत होते की निंबाआप्पांनी आमटीचा भुरका शेजारच्या वाटीतून मारला. अर्धी पोळी झाल्यावर तिने तूप मागितलं. मालतीबाईंनी ते वाढलं आणि लगेच पाठ फिरवली.

त्या दुपारी चंचल भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून दुखण्याची वाट पाहत बसली. तिला खरोखर भीती वाटत होती. चार वाजले, पाच वाजले. पोटात दुखलं नाही. सहाच्या सुमाराला आतून एक लाथ बसली, आजवरची सगळ्यात जोरदार, आणि पाठोपाठ दुसरी. सातला तिला भूक लागली. तिसऱ्या मुठीचे रोट पौर्णिमेच्या कितीतरी आधी, मंगळवारीच संपले आणि चंचल निंबाआप्पांच्या डब्याकडे बघू लागली.

पुढच्या महिन्यात काटा पावणेदोन किलो पुढे गेला. उज्ज्वला सिस्टरने काटा बिघडला की काय म्हणून आधी स्वतः उभं राहून पाहिलं. त्या दिवशी चंचलने त्यांना पपईचं विचारलं. सिस्टर म्हणाल्या की कच्ची पपई टाळावी हे बरोबरच, पण पुडीभर संभारोने असं होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ गर्भ मुळातच नीट धरलेले नसतात, ते कोणी काही खाल्लं न खाल्लं तरी जातात. त्यात आईचा दोष नसतो. आणि हे वर्षभर विचारलं का नाही, म्हणून त्या जरा रागावल्या.

"तुम्ही हो म्हणाला असतात तर?" चंचल म्हणाली.

सिस्टरने कार्ड पुढे ओढलं. त्यावर वजन लिहिलं आणि पुढचा आकडा किती हवा ते खाली अधोरेखित करून दिलं.

चंचल एकदम बदलली असं कोणी समजू नये. केळं ती अजूनही गोल फिरवून बघायची, पण मग सोलायची आणि खायची. पांढऱ्या कोटवालीला तिने मोबाइलमध्ये बंद करून टाकलं. गजेंद्रचा आयता खुराक गेला; एक बटण मागे आलं, दुसरं आहे तिथेच राहिलं. फाफडा घरात आला तर संभारोची पुडी मालतीबाई मुकाट्याने उचलून बाजूला ठेवत.

कार्तिकात मुलगी झाली. पावणेतीन किलोची. निंबाआप्पांनी तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो असं सगळ्या गल्लीत सांगितलं.

पुढच्या श्रावणात मालतीबाई पुन्हा सूप घेऊन बसल्या. मांडीवर नात होती, चार दातांची, हाताला लागेल ते न तपासता तोंडात घालणारी. ती आईवर गेलेली नाही हे सगळ्यांनी तेव्हाच ओळखलं. मालतीबाईंनी निंबाआप्पांची मूठ काढली, गजेंद्रची काढली, मग नातीची काढली. आणि हात आवरता घेतला.

चंचल डाळ निवडता निवडता उठली. तिने आपला हात डब्यात घातला, मूठ भरली, वर पाव मूठ घेतली आणि सुपात चौथा ढीग केला. निंबाआप्पांनी विचारायला तोंड उघडलं, मालतीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

जे आलंच नाही त्या पहिल्या पोराच्या मुठीचा रोट दोघींनी स्वयंपाकघरात बसून अर्धा अर्धा खाल्ला. चंचलच्या अर्ध्यावर चांगला रुपयाएवढा करपलेला डाग होता. तिने तो पाहिला, आणि तूप लावून खाल्ला.